एमएएफ सेन्सर काढून टर्बो गाडी ट्यून करताना: आधी मोजमाप खरं करा, व्हीई टेबल नंतर

एमएएफ सेन्सर (आत जाणाऱ्या हवेचा प्रवाह मोजणारा) असतो तेव्हा इंजिनात किती हवा जातेय हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, आयतं कळतं. तो काढला की तीच हवा हिशोबाने काढावी लागते. त्या हिशोबात चार गोष्टी असतात: मॅनिफोल्डमधला दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, सिलिंडरचं आकारमान आणि व्हीई. व्हीई म्हणजे त्या आरपीएमला, त्या दाबाला सिलिंडर प्रत्यक्षात किती टक्के भरतो तो आकडा. या पद्धतीला स्पीड-डेन्सिटी म्हणतात.

यात बहुतेकांचा घोळ एकाच जागी होतो. दाबाचा, तापमानाचा किंवा इंजेक्टरचा आकडा मुळात चुकलेला असतो आणि ती चूक व्हीईचे आकडे वर-खाली करून झाकली जाते. गाडी त्या दिवशी छान पळते. मग हवा गार झाली, बॅटरीचा व्होल्टेज उतरला किंवा बूस्ट (टर्बोने भरलेला जादा दाब) वाढवला की मिश्रण भलतीकडे जातं. म्हणून खालचा क्रम सोडू नका, कंटाळवाणा वाटला तरी.

एमएएफ काढावा कधी

मोठ्या टर्बोमुळे सेन्सर ५ व्होल्टला जाऊन अडकत असेल, मोठ्या कॅममुळे इनटेकमध्ये हवा उलटी हेलकावत असेल आणि आयडलला रीडिंग नाचत असेल, किंवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल मिटल्यावर अडकलेला बूस्ट सोडणारा) हवा बाहेर सोडत असल्यामुळे गाडी गिअर बदलताना रिच (पेट्रोल जास्त) होऊन गचके देत असेल, तर काढण्यात अर्थ आहे. मूळ टर्बो आणि मूळ कॅम असलेल्या, सेन्सरच्या मापात बसणाऱ्या गाडीला एमएएफ राहू द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. एमएएफ कॅम किंवा एक्झॉस्टमधला बदल बऱ्याच अंशी आपोआप सांभाळून घेतो. स्पीड-डेन्सिटीत कॅम, टर्बो, मॅनिफोल्ड किंवा एक्झॉस्ट बदलला की व्हीई टेबल पुन्हा तपासावंच लागतं.

मॅप सेन्सर आणि त्याची नळी

मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. १ बार बूस्ट म्हणजे सुमारे २०० किलोपास्कल, त्यामुळे बिनटर्बो गाडीचा १ बारचा सेन्सर इथे उपयोगाचा नाही. १.५ बारपर्यंत बूस्ट असेल तर ३ बारचा सेन्सर घ्या, त्यापुढे ४ बारचा. वर थोडी जागा शिल्लक हवीच, नाहीतर ओव्हरबूस्ट झाला तरी ईसीयूला दिसणार नाही. उगाच फार मोठा सेन्सर घेतला तर आयडलच्या पट्ट्यातली बारकाई जाते.

कॅलिब्रेशनचे आकडे सेन्सरच्या डेटाशीटमधूनच भरा. मग इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून रीडिंग बघा. समुद्रसपाटीजवळ ते १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवं, १००० मीटर उंचीवर ९० च्या आसपास. ४-५ किलोपास्कलचा फरक असेल तर तिथेच थांबा. आयडलला मॅप ३५ असताना ५ ची चूक म्हणजे पेट्रोलमध्ये १४ टक्क्यांची चूक.

दाब थ्रॉटल बॉडीच्या पुढे, प्लेनममधून (इनटेक मॅनिफोल्डच्या डब्यातून) घ्यायचा. ही नळी फक्त मॅप सेन्सरची. तिच्यावर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, बूस्ट गेज किंवा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर टी मारून जोडू नका, सिग्नल मंद होतो आणि नाचतो. नळी जाड भिंतीची, आखूड, न मुडपणारी हवी आणि सेन्सर पोर्टपेक्षा वर बसवा, म्हणजे तेल-पेट्रोलचे थेंब आत साचत नाहीत. दोन्ही टोकांना क्लॅम्प लावाच. बूस्टमध्ये ही नळी निसटली तर ईसीयूला १०० किलोपास्कल दिसतात आणि आत २०० असतात, म्हणजे पेट्रोल निम्मंच पडतं. अशा एका झटक्यात पिस्टन जाऊ शकतो. या पद्धतीतला सगळ्यात महागडा बिघाड हाच, आणि तो टाळायला दोन क्लॅम्प पुरतात.

हवेच्या तापमानाचा सेन्सर

बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर एमएएफच्याच घरात असतो, त्यामुळे एमएएफ काढताना तोही जातो. नवा घेताना उघड्या टोकाचा, चटकन प्रतिसाद देणारा घ्या. तो इंटरकूलरनंतरच्या पाइपमध्ये, थ्रॉटल बॉडीच्या थोडा आधी बसवा. गरम मॅनिफोल्डच्या धातूत बसवला तर तो हवेऐवजी धातूचंच तापमान सांगतो.

हवा २० वरून ६० अंशांवर गेली की घनता १२ टक्के कमी होते. गाडी सिग्नलला उभी राहून सेन्सर ६० दाखवतोय आणि निघाल्यावर आत जाणारी हवा खरी ३५ अंशांची आहे, तर ईसीयू साडेसात टक्के कमी पेट्रोल देईल. बऱ्याच ईसीयूंमध्ये यासाठी हवेचं आणि कूलंटचं तापमान प्रवाहानुसार मिसळणारं टेबल असतं. ते गाडी चांगली तापल्यावर, सगळ्यात शेवटी जुळवा.

इंजेक्टर आणि पेट्रोलचा दाब

इंजेक्टरचे दोन आकडे लागतात: ठरावीक दाबाला मिनिटाला किती सीसी, आणि डेड टाइम (इशारा मिळाल्यावर उघडण्यात जाणारा वेळ), तोही व्होल्टेजनुसार. डेड टाइमकडे दुर्लक्ष होतं ते इथेच महागात पडतं. आयडलला पल्स जेमतेम २ मिलिसेकंदांचा असतो आणि त्यातला साधारण १ मिलिसेकंद इंजेक्टर उघडण्यातच जातो. ०.२ ची चूक तिथे २० टक्के पडते, तर पूर्ण बूस्टला १३ मिलिसेकंदांच्या पल्समध्ये तीच चूक दीड टक्का. म्हणून हेडलाइट किंवा फॅन लागला की आयडल लीन (पेट्रोल कमी) होत असेल तर व्हीईला हात लावू नका, डेड टाइमचं व्होल्टेज टेबल बघा.

रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा दाब जोडलेला असावा, म्हणजे बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब वाढेल. तसा नसेल, रेल ३ बारवर स्थिर असेल आणि बूस्ट १ बार असेल, तर इंजेक्टरवरचा फरक २ बारच उरतो आणि प्रवाह ८२ टक्क्यांवर येतो. अशा वेळी ईसीयूला हा फरक हिशोबात धरायला सांगावं लागतं.

इंजेक्टर पुरेल का, हे आधी कागदावर बघा. २००० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, २०० किलोपास्कल, हवा ५० अंश, व्हीई ९५ टक्के: एका सिलिंडरमध्ये सुमारे १.०२ ग्रॅम हवा. लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली रिच, वर लीन) ०.८० साठी सुमारे ०.०८७ ग्रॅम पेट्रोल. ५५० सीसीच्या इंजेक्टरला त्यासाठी जवळपास १२.९ मिलिसेकंद लागतात, डेड टाइम धरून १३.९. ६५०० आरपीएमला एका चक्राला १८.५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे ड्यूटी (चक्रातला इंजेक्टर चालू असण्याचा वाटा) ७५ टक्के. ठीक आहे. तोच इंजेक्टर २५० किलोपास्कलला ९२ टक्क्यांवर जातो, आणि ८५ च्या वर विसंबू नये.

वाइडबँड आणि गळती

वाइडबँडशिवाय (एक्झॉस्टमधून लॅम्ब्डा मोजणाऱ्या सेन्सरशिवाय) हे काम करूच नका. साधा नॅरोबँड सेन्सर लॅम्ब्डा १ च्या आजूबाजूचंच सांगतो. वाइडबँड टर्बोच्या नंतर, डाउनपाइपमध्ये साधारण ६० सेंटिमीटरवर, टोक खाली झुकलेलं ठेवून बसवा. टर्बोच्या आधी बसवला तर दाबामुळे रीडिंग चुकतं आणि उष्णतेने तो मरतो. त्याच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तर बाहेरची हवा शिरते आणि रीडिंग खोटं लीन येतं.

इनटेकला टर्बोच्या तोंडापासून ०.७ ते १ बार हवा भरून साबणाच्या पाण्याने सांधे तपासा. स्पीड-डेन्सिटीत थ्रॉटलच्या आधीची गळती मिश्रण फारसं बिघडवत नाही, कारण मॅप उरलेलाच दाब मोजतो. पण टर्बो उगाच जास्त फिरतो आणि हवा तापते. थ्रॉटलच्या पुढची गळती मात्र आयडल चढवते: हवा वाढते, मॅप वाढतो आणि त्यामागे पेट्रोलही.

पहिला स्टार्ट

टायमिंग (ठिणगी कधी पडते तो कोन) ईसीयूमध्ये १० अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइटने क्रँक पुलीवर खरंच १० येतंय का बघा. मग ३००० आरपीएमला पुन्हा बघा. खूण सरकत असेल तर ट्रिगरचं वायरिंग किंवा सेटिंग चुकलंय. ते निस्तरल्याशिवाय बूस्टचा विचारही नको.

सुरुवातीचं व्हीई टेबल अंदाजाने भरा: आयडलला ४५ ते ५५, क्रूझला ६० ते ७५, १०० किलोपास्कलला ८० ते ९०. बूस्टच्या ओळी १०० च्या ओळीपेक्षा ५ टक्के जास्त. सुरुवात थोडी रिच बाजूला झालेली बरी.

व्हीई जुळवणं

कूलंट ८० अंशांच्या वर जाऊ द्या. क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयूने आपोआप करायची दुरुस्ती) बंद, अॅक्सिलरेशन एनरिचमेंट (पाय दाबताना मिळणारं जादा पेट्रोल) शून्य. एक जण गाडी चालवेल, दुसरा लॅपटॉप बघेल. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) मिळत असेल तर उत्तमच.

सूत्र एकच: नवा व्हीई = जुना व्हीई × मोजलेला लॅम्ब्डा ÷ ठरवलेला लॅम्ब्डा. व्हीई ९०, हवा होता ०.८०, आला ०.८८, तर नवा आकडा ९९. टेबलच्या प्रत्येक खणात दोन-तीन सेकंद स्थिर राहा, कारण वायू सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि आयडलला तो उशीर जास्त असतो. घाईने घेतलेलं रीडिंग शेजारच्या खणाचं निघतं. आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर वापरलं तरी त्याला एका वेळी थोडाच बदल करू द्या आणि नंतर टेबलचा आकार डोळ्यांनी बघा.

तो आकार फार बोलका असतो. आरपीएमच्या दिशेने व्हीई टॉर्कच्या शिखराजवळ चढून पुढे उतरतो आणि दाबाच्या दिशेने हळूहळू वाढतो. बूस्टमध्ये वरच्या आरपीएमला दाब वाढूनही तो खाली यायला लागला तर टर्बाइनच्या आधी, एक्झॉस्टमध्ये दाब तुंबतोय. एकाच खणात खड्डा किंवा सुळका दिसला तर ते रीडिंग चुकीचं धरा. साध्या इंजिनात सगळीकडे १२० च्या वर आकडे लागत असतील तर इंजेक्टरचा आकार किंवा पेट्रोलचा दाब चुकीचा भरलाय.

पेट्रोलवर लॅम्ब्डाचं लक्ष्य असं ठेवा: आयडल आणि क्रूझला १.०, १०० किलोपास्कलला ०.८८, १५० ला ०.८२, २०० ला ०.७८ ते ०.८०. याहून फार रिच केल्याने सुरक्षितता वाढत नाही. ०.७० च्या खाली मिसफायर होतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं. आणि मिसफायर झाला की न जळलेल्या ऑक्सिजनमुळे वाइडबँड लीन दाखवतो. ते बघून आणखी पेट्रोल वाढवणारे खूप आहेत.

बूस्ट आणि टायमिंग

बूस्ट कंट्रोलर काढून ठेवा, फक्त वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर चालवा. ओव्हरबूस्टचा फ्युएल कट ठरलेल्या दाबाच्या १५ ते २० किलोपास्कल वर लावा आणि तो खरंच चालतो का, हे मर्यादा मुद्दाम खाली आणून एकदा तपासा. प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. गॅप मोठा राहिला तर बूस्टमध्ये ठिणगी विझते.

दर वेळी १० ते १५ किलोपास्कलच वाढवा. पुल (पूर्ण थ्रॉटलची धाव) मधेच सोडायचा नियम आधीच ठरवा: लॅम्ब्डा लक्ष्यापेक्षा ०.०५ ने लीन झाला की पाय काढायचा. टायमिंगला सुरुवात म्हणून १०० किलोपास्कलच्या वर दर ७ किलोपास्कलमागे १ अंश मागे घ्या. १०० ला २६ अंश असेल तर १७० ला १६. नॉक (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी भडकल्याचा ठोका) कानाने पकडू बघू नका, इंजिनाच्या ब्लॉकला लावलेला मायक्रोफोन आणि हेडफोन हवा. ८६ मिलिमीटर बोअरला नॉकचा मुख्य आवाज ६.७ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. ऐकू आला की ३ अंश मागे या आणि तिथेच राहा. टायमिंग वाढवूनही टॉर्क वाढत नसेल तर तो अंश परत काढून घ्या.

अॅक्सिलरेशन एनरिचमेंट आता जुळवा, आधी नाही. पाय झटकन दाबल्यावर वाइडबँड क्षणभर लीन जाऊन गाडी अडखळली तर वाढवा, काळा धूर आला तर कमी करा. क्लोज्ड लूप शेवटी चालू करा आणि त्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त हात देऊ नका. तो एका बाजूला सतत ८-९ टक्के ढकलत असेल तर वरच्या यादीत पुन्हा जा, मॅपच्या नळीपासून.