पूल आणि स्पाच्या हीटरचं माहितीपत्रक कसं वाचायचं

माझं काम पूल आणि स्पाच्या (गरम पाण्याच्या टबाच्या) प्लांट रूममधलं, म्हणजे यंत्रांच्या खोलीतलं. पंप, फिल्टर, क्लोरीन आणि पाणी तापवणारी यंत्रं मी सांभाळते. नवा हीटर घ्यायला निघालेली माणसं माहितीपत्रक घेऊन येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: 'हा पाणी किती अंशांपर्यंत तापवेल?' पत्रकात त्याचं थेट उत्तर नसतं. तिथे किलोवॅट असतात, आणि किलोवॅट म्हणजे उष्णता देण्याचा वेग.

म्हणून सुरुवात वेगाच्या हिशेबानं करा. १ घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी १ अंश सेल्सिअसनं तापवायला सुमारे १.१६ युनिट उष्णता लागते (१ युनिट म्हणजे १ किलोवॅटनं तासभर दिलेली उष्णता). पूलमध्ये ५० घनमीटर पाणी आहे आणि ते १८ अंशांवरून २८ वर न्यायचं आहे, तर ५० गुणिले १० गुणिले १.१६, म्हणजे ५८० युनिट. २५ किलोवॅटचा हीटर हे काम २३ तासांत करेल, तेही वाटेत जराही उष्णता वाया गेली नाही असं धरून. प्रत्यक्षात ती जातेच. लहान हीटर आधी नुसता रेंगाळतो, आणि जितकी उष्णता तो देतो तितकीच बाहेर जायला लागली की पाणी त्याच तापमानाला अडकून बसतं.

काही पत्रकांत किलोवॅटऐवजी बीटीयू, म्हणजे उष्णतेचं ब्रिटिश एकक, लिहिलेलं असतं. १ किलोवॅट म्हणजे ताशी ३,४१२ बीटीयू. 'ताशी' हा शब्द छापायचा बरेचदा राहून जातो, तो मनात धरायचा. गॅस हीटरवर ४,००,००० बीटीयू लिहिलं असेल तर ते ११७ किलोवॅट झाले. पण थांबा, हा आकडा सहसा इनपुटचा असतो, म्हणजे जळणाऱ्या गॅसचा. कार्यक्षमता ८२ टक्के असेल तर पाण्यात उतरतात ९६ किलोवॅट, बाकी धुराड्यातून जातात. कंडेन्सिंग हीटर धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता काढून घेतो, म्हणून तो ९० टक्क्यांच्या पुढे जातो. दोन यंत्रांची तुलना करताना आउटपुटशी आउटपुटच लावा.

हीट पंपाच्या पत्रकात मोठ्या अक्षरात असतो तो सीओपी. १ युनिट वीज घेऊन यंत्रानं पाण्याला ५ युनिट उष्णता दिली तर सीओपी ५. यात जादू काही नाही: वरची ४ युनिटं बाहेरच्या हवेतून येतात. पंखा हवा इव्हॅपोरेटरवरून, म्हणजे हवेतली उष्णता टिपणाऱ्या नळ्यांवरून ओढतो, आतला वायू ती उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्या वायूचा दाब आणि तापमान वाढवतो आणि कंडेन्सरमध्ये ती पाण्याला मिळते. म्हणजे हवा जितकी थंड, तितकं हाती कमी लागतं. म्हणून सीओपीच्या खालची बारीक अक्षरं आधी वाचा. तिथे 'हवा २७ अंश, आर्द्रता ८० टक्के, पाणी २७ अंश' असं काहीतरी सापडेल. अशा उबदार, दमट दिवशी हीटर लागतो किती जणांना? तुम्ही यंत्र ज्या हवेत चालवणार, समजा १५ अंशांत, त्या हवेतला सीओपी आणि किलोवॅट असे दोन्ही आकडे मागा. दोन्ही खाली आलेले दिसतील. इन्व्हर्टर यंत्रात, म्हणजे ज्याच्या कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त होते त्यात, आणखी एक गोष्ट पाहायची: सर्वांत देखणा सीओपी साधारणपणे कॉम्प्रेसर मंद गतीनं चालतानाचा असतो आणि सर्वांत मोठे किलोवॅट पूर्ण गतीचे. पत्रकात ते शेजारी छापलेले असले तरी एकाच वेळी मिळत नाहीत. कोणता आकडा कोणत्या गतीचा, हाच माझ्या मते विक्रेत्याला विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

आता डेल्टा टी, म्हणजे हीटरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक. २५ किलोवॅटच्या हीटरमधून ताशी १० घनमीटर पाणी जात असेल तर हा फरक जेमतेम २ अंशांचा येतो. लोक पाइपला हात लावतात, पाणी कोमटसुद्धा लागत नाही आणि हीटर बिघडला असं ठरवतात. तो बिघडलेला नसतो. मग कुणीतरी व्हॉल्व्ह आवळून प्रवाह कमी करतं, बाहेरचं पाणी जास्त गरम लागतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण पूलला मिळणारी उष्णता त्यानं वाढत नाही. हीट पंपात तर आतला दाब चढून सीओपी घसरतो. पत्रकात किमान आणि कमाल प्रवाह दिलेला असतो, त्यात राहा. पंपाचा प्रवाह कमाल मर्यादेपेक्षा जास्त असेल तर बायपास लागतो: तीन व्हॉल्व्हची ती जोडणी जादा पाणी हीटरला वळसा घालून पुढे नेते.

फ्लो स्विच किंवा प्रेशर स्विच पुरेसं पाणी येत नसेल तर हीटर सुरूच होऊ देत नाही. 'नो फ्लो'चा संदेश आला की मेकॅनिकला फोन करण्याआधी स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची) आणि पंपाची जाळी साफ करा, फिल्टर बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या प्रवाहानं धुवा.

हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाण्याला उष्णता देणारा भाग, तांब्याचा, क्युप्रोनिकेलचा (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा) किंवा टायटॅनियमचा असतो. खाऱ्या पाण्याच्या पूलसाठी टायटॅनियमच घ्यावा असं मी सांगते. पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवा. त्याच्या खाली गेला तर तांबं विरघळतं आणि भिंतींवर निळसर-हिरवे डाग दिसू लागतात. वर गेला की आत क्षारांचा थर बसतो, आणि पाणी जितकं गरम तितका तो लवकर बसतो. क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र) पाण्याच्या वाटेत हीटरनंतरच बसवायचा आणि दोघांच्या मध्ये चेक व्हॉल्व्ह घालायचा, म्हणजे पंप थांबल्यावर तीव्र क्लोरीनचं पाणी मागे हीटरमध्ये शिरत नाही.

थर्मोस्टॅट आणि हाय लिमिट यांची गल्लत करू नका. थर्मोस्टॅट ठरवलेलं तापमान राखतो. हाय लिमिट फक्त धोका झाला की वीज किंवा गॅस तोडतो, आणि बऱ्याच यंत्रांत तो हातानं रीसेट करावा लागतो. तो पुन्हा पुन्हा तुटत असेल तर बटण दाबत बसू नका, कारण शोधा. वायर जोडून त्याला कधीही बगल देऊ नका. स्पामध्ये तर मुळीच नाही: तिथली वरची मर्यादा ४० अंश आहे, आणि त्यापुढे माणसाच्या शरीराला खरा धोका असतो. गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्पात उतरू नये.

स्पाचा हिशेब वेगळा आहे. पाणी थोडं, पण तापमानाची उडी मोठी. दीड घनमीटर पाणी २० वरून ३८ वर न्यायला ३१ युनिट लागतात, म्हणजे ३ किलोवॅटच्या एलिमेंटला (विजेवर तापणाऱ्या कॉइलला) १० तासांहून जास्त. म्हणून छोट्या एलिमेंटचा स्पा झाकून सतत गरम ठेवतात, आणि ऐनवेळी तापवायचा असेल तर गॅस हीटर बरा. पाणी तापत असताना ब्लोअर (पाण्यात बुडबुडे सोडणारा पंखा) बंद ठेवा, त्याची हवा पाणी थंड करते.

एक शब्द मात्र हीटरच्या पत्रकात सहसा नसतो: बाष्पीभवन. उघड्या पूलची सर्वांत जास्त उष्णता त्यातूनच जाते. १ लिटर पाण्याची वाफ झाली की उरलेल्या पाण्यातल्या सुमारे ५८० लिटरांचं तापमान १ अंशानं उतरेल इतकी उष्णता तिच्याबरोबर जाते. रात्री कव्हर घातलं की ही गळती खूप कमी होते आणि लहान हीटरसुद्धा पुरू शकतो. तेव्हा विक्रेत्याकडून किलोवॅटचा हिशेब घेताना कव्हरसह आणि कव्हरशिवाय असे दोन्ही आकडे लिहून मागा.