‘गिव्ह अप’: अर्थ नको, पुढचा शब्द बघा

‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, हे पाठ असूनही वाक्य करताना ‘गिव्ह अप टू स्मोक’ अशी चूक हमखास होते. त्याच्या पुढे काय येतंय ते बघितलं की घोळ मिटतो.

१. पुढे काहीच नसेल तर हार मानणे. कोडं सुटेना, की ‘आय गिव्ह अप’. आपलं ‘हरलो बुवा, सांग उत्तर’.

२. पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘-इंग’ लावा: ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’. ‘टू’ इथे चालतच नाही. मराठीतल्या ‘ओढायचं सोडलं’मुळे ते तोंडात येतं.

३. पुढे नाम असेल तर ती गोष्ट सोडणे. पण ‘शी गेव्ह अप हर सीट’ म्हणजे तिने उठून दुसऱ्याला जागा दिली. यात हार कुठेच नाही! ‘ही गेव्ह हिमसेल्फ अप’ म्हणजे तो पोलिसांच्या स्वाधीन झाला.

४. ‘इट’, ‘देम’ अशी सर्वनामं मधे बसतात: ‘गिव्ह इट अप’. ‘गिव्ह अप इट’ चूक. मात्र ‘ऑन’ असेल तर सर्वनाम शेवटी: ‘डोन्ट गिव्ह अप ऑन हिम’, म्हणजे त्याच्याबद्दलची आशा सोडू नका.

एक सांभाळा: कार्यक्रमात निवेदक ‘गिव्ह इट अप फॉर...’ म्हणाला, तर काही सोडायचं नसतं, टाळ्या वाजवायच्या असतात. आणि राजीनाम्याच्या पत्रात ‘गिव्ह अप’ नको, ‘रिझाइन’च लिहा.