स्वस्त लाँच मॉनिटर घेऊन रेंजवरचा सराव कसा करावा

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटले की बहुतेकांना हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथला जॉगिंग ट्रॅक आणि रणजीचे सामने आठवतात. गोल्फ खेळणारे आपण मोजके आहोत, आणि दर आठवड्याला प्रशिक्षकासमोर उभे राहणे त्यातल्याही थोड्यांनाच जमते. त्यामुळे आपला बहुतेक सराव एकट्याने होतो. रेंजवर, म्हणजे चेंडू मारण्याच्या सराव-मैदानावर, बकेटभर चेंडू मारायचे, त्यातले चार-पाच उत्तम फटके लक्षात ठेवायचे आणि समाधानाने घरी परतायचे, असा तो सराव असतो. मीही बरीच वर्षे हेच करत होतो आणि माझे सात नंबरचे आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) चेंडू १५० यार्ड नेते असे ठामपणे सांगत होतो. मोजल्यावर चेंडू सरासरी १३८ यार्डच जात असल्याचे दिसले. बाकीचे बारा यार्ड मी चेंडू घरंगळत गेलेल्या अंतरातून आणि आठवणीतल्या चांगल्या फटक्यांतून मिळवले होते.

ही मोजणी लाँच मॉनिटर करतो, म्हणजे फटक्यानंतर चेंडूचा वेग, कोन आणि अंतर सांगणारे यंत्र. त्यातली व्यावसायिक यंत्रे फार महाग असतात. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनचे यंत्र वीस हजार डॉलरच्या घरात जाते. गार्मिनने २०२१ मध्ये ॲप्रोच आर१० हे छोटे यंत्र सुमारे सहाशे डॉलरला आणले आणि हौशी खेळाडूला परवडेल असा पर्याय मिळाला. रॅपसोडो आणि फ्लाइटस्कोप यांचीही त्याच सुमाराच्या किमतीची यंत्रे आहेत, आणि केवळ वेग व अंतर दाखवणारे जपानी पीआरजीआर त्याहून बरेच स्वस्त पडते. यातली बहुतेक यंत्रे डॉप्लर रडारवर चालतात, म्हणजे क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा वेग मोजणारी रडार गन ज्या तत्त्वावर चालते त्याच तत्त्वावर. दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरींची वारंवारता बदलते आणि त्या बदलावरून वेग कळतो.

हे तत्त्व ध्यानात ठेवले की कोणत्या आकड्यावर किती विसंबायचे ते आपोआप ठरते. चेंडूचा वेग स्वस्त यंत्रही चांगला मोजते, आणि उड्डाणाचा कोन व सुरुवातीची दिशा यांवरही, मांडणी नीट असेल तर, विश्वास ठेवता येतो. स्पिनचे, म्हणजे चेंडूच्या गिरकीचे, मात्र तसे नाही. फ्लाइटस्कोपच्या मेवोला त्यासाठी चेंडूवर धातूचा ठिपका चिकटवावा लागतो, रॅपसोडोच्या एमएलएम२प्रोला विशिष्ट खुणांचे चेंडू लागतात, आणि अशी सोय केलेली नसेल तेव्हा फोनच्या पडद्यावर दिसणारी स्पिन बहुधा हिशेबाने काढलेली असते. म्हणून स्पिनच्या आकड्याकडे पाहून स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धत, बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडणीला दहा मिनिटे द्यावीत, कारण इथली चूक पुढच्या प्रत्येक फटक्यात उतरते. रडारचे यंत्र चेंडूच्या मागे, लक्ष्यरेषेवर ठेवावे लागते. अंतर यंत्रागणिक बदलते. आर१० साठी ते साधारण सहा ते आठ फूट असते, पीआरजीआरसाठी त्याहून कमी. यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेले अंतर टेपने मोजावे, पावलांनी मोजू नये. यंत्र बाजूला सरकले तर चेंडूच्या वेगाचा पूर्ण भाग त्याला दिसत नाही. यंत्र जमिनीवर आणि चेंडू जाड मॅटवर असेल तर उंचीतल्या फरकामुळे कोन चुकतो, म्हणून मॅटच्या जाडीएवढी सपाट फळी यंत्राखाली द्यावी. दिशेची चूक सर्वांत फसवी असते. यंत्र तीन अंश तिरके बसले की १४० यार्डांवर सुमारे सात यार्डांचा फरक दिसतो. माझे यंत्र असेच तिरके राहिले होते, आणि प्रत्यक्षात नसलेला दोष दुरुस्त करण्यात माझे तीन आठवडे गेले. आता मी रेंजवरचा दूरचा एक खांब निवडतो, चेंडूपासून त्या खांबाच्या दिशेने एक अलाइनमेंट काठी जमिनीवर ठेवतो आणि तिच्याच रेषेत यंत्र लावतो.

नाशिकच्या खेळाडूने हवेचाही विचार करावा. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, येथील हवा मुंबईपेक्षा विरळ आहे आणि त्यामुळे चेंडू अंदाजे दोन टक्के लांब जातो. १५० यार्डांच्या फटक्यात हा फरक तीन यार्डांचा होतो, म्हणजे इथले आकडे घेऊन मुंबईत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर खेळायला जाणाऱ्याला तो हिशेबात धरावा लागतो. पुण्याची उंची जवळपास आपल्याएवढीच असल्याने तिथे तो प्रश्न येत नाही. ॲपमध्ये उंची आणि तापमान भरायची सोय असेल तर ती जरूर वापरावी. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा दाट असते आणि गारठलेला चेंडू क्लबवरून कमी जोराने सुटतो, त्यामुळे त्या दिवसांतले आकडे घसरले म्हणून घाबरू नये. रेंजचे झिजलेले चेंडूही नव्या चेंडूंपेक्षा साधारणतः कमी जातात. त्यांवरचे आकडे आपसांत तुलना करायला उपयोगी आहेत, मैदानावर क्लब निवडायला नाहीत. तेवढ्यासाठी आपण नेहमी खेळतो त्या बनावटीचे चेंडू मारून अंतरे एकदा वेगळी मोजावीत, अर्थात रेंजवर ते परत गोळा करता येत असतील तरच.

पहिल्या दिवशी काहीही सुधारायचा प्रयत्न करू नये. अंग मोकळे झाल्यावर एका क्लबने दहा चेंडू मारावेत, प्रत्येकाची कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून गेलेले अंतर, वहीत लिहावी आणि दहा आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोहोंची सरासरी घ्यावी. तीच त्या क्लबची खरी कॅरी. सर्वांत लांबच्या आणि सर्वांत आखूड फटक्यातले अंतरही लिहावे, कारण खेळ सुधारतो म्हणजे पुष्कळदा हे अंतर आक्रसत जाते. एका बैठकीत तीन क्लबांपेक्षा जास्त मोजू नयेत; थकलेल्या अंगाचे आकडे फसवतात.

त्यानंतरच्या सरावाचे सूत्र मी एकच मानतो: आकडा पाहण्याआधी तो स्वतः सांगावा. फोन बॅगेवर पालथा ठेवावा, चेंडू मारावा, हातांना काय जाणवले त्यावरून ‘१३२, थोडा उजवीकडे’ असे स्पष्ट उच्चारावे आणि मगच पडदा पाहावा. प्रथम अंदाज पंधरा-वीस यार्डांनी चुकतील. काही आठवड्यांत तो फरक कमी होऊ लागतो, आणि मैदानावर जेव्हा समोर यंत्र नसते तेव्हा हीच जाणीव उपयोगी पडते. उलट प्रत्येक फटक्यानंतर लगेच पडद्याकडे धावणारा खेळाडू जोर वाढवत जातो, कारण मोठा आकडा पाहण्याचा मोह फार लवकर जडतो.

या पद्धतीचा सर्वाधिक लाभ वेजमध्ये, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबमध्ये, होतो, आणि नेमका तोच सराव रेंजवर सर्वांत कमी केला जातो. ४०, ६० आणि ८० यार्ड ही तीन लक्ष्ये घ्यावीत आणि एकच लक्ष्य सलग दोनदा न घेता उलटसुलट क्रमाने प्रत्येकी पाच चेंडू मारावेत. ठरवलेल्या कॅरीच्या मागेपुढे चार यार्डांत पडलेला चेंडू यशस्वी धरावा. पंधरापैकी किती साधले, एवढाच आकडा वहीत नोंदवावा. ६० यार्डांसाठी हात कुठवर मागे न्यायचे हे प्रत्येकाच्या अंगाचे वेगळे असते. ते एकदा सापडले की त्याची खूण शब्दांत लिहून ठेवावी, उदाहरणार्थ ‘डावा हात जमिनीला समांतर’.

ड्रायव्हरसाठी (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) स्मॅश फॅक्टर पाहावा, म्हणजे चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागून येणारी संख्या. क्लबचा वेग ताशी ९० मैल आणि चेंडूचा १३० मैल असेल तर ती १.४४ येते, ड्रायव्हरची वरची मर्यादा सुमारे १.५० आहे. संख्या कमी येत असेल तर जोर वाढवण्याआधी क्लबच्या तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ थर लावून चेंडू कुठे लागतो ते बघावे. मध्यापासून टोकाकडे लागलेला चेंडू किती यार्ड गमावतो हे एकदा आकड्यांत पाहिले की घाई आपोआप कमी होते. आयर्नच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी बाळगावी. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच आधी टेकला तरी घसरत पुढे जातो आणि आकडा बरा दिसतो, गवतावर तोच फटका फसतो. म्हणून चेंडूमागे चार बोटांवर एक छोटा रुमाल ठेवावा आणि तो न हलवता मारलेले चेंडूच मोजावेत.

जून ते सप्टेंबर पावसामुळे रेंज वारंवार बंद राहते, तेव्हा घराच्या पार्किंगमध्ये जाळी लावून सराव चालू ठेवता येतो. मात्र रडारला चेंडूचे उड्डाण काही फूट तरी दिसावे लागते. आर१० ला किमान आठ फूट लागतात, म्हणजे यंत्रापासून जाळीपर्यंत एकूण चौदा-सोळा फूट मोकळी लांबी हवी. जागा त्याहून कमी असेल तर कॅरीचा आकडा सोडून द्यावा आणि फक्त चेंडूच्या वेगातले सातत्य तपासावे. ऑक्टोबरमध्ये रेंज सुरू झाली की पहिल्या दिवसाची वही उघडावी आणि त्याच क्लबने, त्याच प्रकारचे दहा चेंडू पुन्हा मोजावेत.