फ्रोझन पिझ्झा पारखायचा तर खोका उलटा करा

पिझ्झ्याचा खोका समोरून वाचायचाच नाही. समोर सगळ्यांचंच चीज लोंबतं आणि सगळ्यांचेच टोमॅटो लालबुंद असतात. खोका उलटा करायचा, चष्मा लावायचा आणि बारीक अक्षरांपासून सुरुवात करायची. जर्मनीचा पिझ्झा बरा की अमेरिकेचा, हा वाद आमच्या घरी व्हिडिओ कॉलवर कायम चालू असतो, कारण मुलगी श्टुटगार्टला, मुलगा न्यू जर्सीत आणि भाचा नॉर्वेत स्टाव्हांगरला. तिघंही आपापल्या फ्रीझरची बाजू घेऊन भांडतात. मी भुसावळला छोटी बेकरी चालवते, मैदा आणि यीस्ट रोज हाताखालून जातं, म्हणून निवाडा माझ्याकडे येतो. नातवंडं सांभाळायला निघालेल्या इकडच्या बायका आणि शिकायला निघालेली पोरंही हेच विचारतात, तर माझी रीत एकदा लिहूनच टाकते.

ताडून बघायला नेहमी साधा, चीज-टोमॅटोचाच पिझ्झा घ्या. बामणोदचं वांगं आणि बाजारातलं दुसरं कुठलं वांगं यांच्या भरताची पारख करायची तर दोन्हींत मिरची-लसूण सारखाच लागतो, तसंच हे. वर मका, मशरूम, सॉस यांची गर्दी झाली की बेसचे आणि चीजचे दोष झाकले जातात.

मग बेसची जात ओळखा. युरोपातले बरेचसे पिझ्झे पातळ आणि आधीच भाजून गोठवलेल्या बेसचे असतात. डॉ. ओएटकर या जर्मन कंपनीचा ‘रिस्तोरान्ते’ त्यातलाच. (आपल्याकडे हीच कंपनी मेयोनीजच्या बाटलीवर दिसते, कारण 2008 मध्ये तिने फनफूड्स विकत घेतली. इटलीत ती ‘कामेओ’ या नावाने विकते.) अमेरिकेत 1995 पासून मिळणारा ‘डिजॉर्नो’ निराळा. त्याचा गाजलेला प्रकार कच्च्याच पिठाचा असतो आणि ओव्हनमध्ये गेल्यावर फुगतो. गोठवताना पिठातलं थोडं यीस्ट मरतंच, म्हणून अशा बेसला पुष्कळदा बेकिंग पावडरचीही जोड दिलेली असते. घटकांच्या यादीत ती सापडेल. नॉर्वेचा ‘ग्रँडिओसा’ 1980 पासूनचा, स्ट्रांडा या गावात बनतो, त्यावर यार्ल्सबर्ग चीज आणि सिमला मिरची. तिकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळीही लोक तो खातात असं भाचा सांगतो, आणि ते खरं आहे. पातळ पापुद्र्याच्या आणि फुगणाऱ्या बेसच्या पिझ्झ्याला एकाच रांगेत उभं करून गुण द्यायचे नाहीत. पातळाशी पातळ, जाडाशी जाड.

आता आकडे. इथेच बहुतेक जण फसतात. रिस्तोरान्तेचा एक पिझ्झा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, ग्रँडिओसा 575 ग्रॅमचा, तर डिजॉर्नोचा मोठा पाऊण किलोच्याही वर. ‘एका पिझ्झ्यात इतक्या कॅलरी’ या बोलण्याला काही अर्थच उरत नाही. सगळं 100 ग्रॅमवर आणायचं. युरोपात हे सोपं आहे, तिथे 100 ग्रॅममागचे आकडे छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडच्या पाकिटावरही 100 ग्रॅमचा रकाना असतो. अमेरिकेत मात्र आकडे ‘एका सर्व्हिंग’चे, आणि सर्व्हिंग म्हणजे पिझ्झ्याचा पाचवा किंवा सहावा भाग. एवढ्यावर थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, माझा मुलगा तर नाहीच.

मिठाचं गणित पाठ करून ठेवा. युरोपात ‘मीठ’ ग्रॅममध्ये लिहितात, अमेरिकेत आणि आपल्याकडे ‘सोडियम’ मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. समजा अमेरिकन खोक्यावर 150 ग्रॅमच्या सर्व्हिंगला 780 मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. म्हणजे 100 ग्रॅमला 520, गुणिले अडीच, झाले 1300 मिलिग्रॅम, म्हणजे 1.3 ग्रॅम मीठ. जर्मन खोक्यावर सरळ 1.3 ग्रॅम छापलेलं असेल, तर दोन्ही पिझ्झे सारखेच खारट. पण 780 आणि 1.3 हे आकडे शेजारी ठेवून आमच्याकडे कॉलवर केवढा गोंधळ झाला होता! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. असा साडेतीनशे ग्रॅमचा एक पिझ्झा एकट्याने संपवला तर साडेचार ग्रॅम तिथेच गेलं. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी एवढं एक गणित केलं तरी पुरे.

चीजसाठी घटकांची यादी बघा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे जास्त ते आधी. युरोपात ज्या पदार्थाचं नाव पिझ्झ्याच्या नावात आहे त्याची टक्केवारी द्यावी लागते, त्यामुळे ‘मोझ्झारेला’ नावाच्या पिझ्झ्यात मोझ्झारेला किती, ते कळतं. जिथे टक्के नसतात तिथे मी बेकरीतला छोटा काटा काढते. पिझ्झा दगडासारखा कडक असतानाच वरचं चीज सुरीने खरवडायचं, वजन करायचं आणि परत पसरायचं. पाच मिनिटांचं काम आहे. चीजच्या जोडीला यादीत पाम तेल किंवा वनस्पती तेल कशासाठी आलंय हेही बघा. बेसमध्ये असेल तर ठीक, चीजच्याच कंसात असेल तर ते पूर्ण दुधाचं चीज नव्हे.

शाकाहारी मंडळींनी हा भाग सावकाश वाचावा. हिरवा ठिपका आपल्या देशापुरता. युरोपातल्या पार्मेझानसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडून चीज बनवणारं द्रव्य) असतं, आणि पाकिटावर ते वेगळं लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून ‘यात मांस दिसत नाही’ एवढ्यावर भागत नाही. जर्मनीत पिवळ्या रंगातलं ‘व्ही’चं चिन्ह शोधा, इंग्लंडमध्ये ‘शाकाहारींसाठी योग्य’ अशी ओळ असते. दुसरा सापळा पेपरोनीचा. अमेरिकेत ते डुकराच्या किंवा गाईच्या मांसाचं सॉसेज, जर्मनीत त्याच नावाने तिखट मिरची मिळते आणि इटलीत सिमला मिरची. जर्मनीत ज्या नावाचा पिझ्झा बिनघोर खाल्ला, त्याच नावाचा अमेरिकेत उचलू नका.

यादी लांब दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. अमेरिकेत मैद्यात लोह आणि ब जीवनसत्त्वं मिसळतात आणि प्रत्येकाचं नाव लिहावं लागतं, म्हणून यादी उगाच लांबते. यादीत मिसळलेल्या द्रव्यांना नावाऐवजी क्रमांकही दिलेले असतात; युरोपातला ‘ई 330’ आणि आपला ‘आयएनएस 330’ हे दोन्ही सायट्रिक ॲसिडच. बेकरीवाली म्हणून मी एकच नाव मुद्दाम शोधते, मैद्यात मिसळलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट. युरोपात ते बंद आहे, आपल्याकडे 2016 मध्ये बंद झालं, अमेरिकेत देशपातळीवर अजून बंदी नाही.

किंमत रुपयांत आणून ‘बाई गं, चारशेचा पिझ्झा!’ म्हणायची सवय सोडा. मी त्याच दुकानातल्या एक लिटर दुधाशी भाव लावते. या पिझ्झ्याच्या पैशात किती लिटर दूध आलं असतं? एवढा एकच प्रश्न तिन्ही देशांत चालतो. युरोपात फळीवरच्या चिठ्ठीवर किलोचा भावही बारीक अक्षरात असतो, तो बघा, कारण खोका मोठा आणि पिझ्झा लहान हे तिकडेही चालतं.

चवीची परीक्षा ही खरी मजेची गोष्ट. तीन देशांतले पिझ्झे एका ताटात येणार नाहीत, म्हणून आम्ही एक खूण ठरवली आहे. प्रत्येकाने त्या देशातला, दुकानाच्या स्वतःच्या नावाचा सर्वांत स्वस्त पिझ्झा आणायचा, जर्मनीत अल्डी किंवा लिडलचा, अमेरिकेत वॉलमार्टचा, नॉर्वेत किवी दुकानातला. तो शून्य. नामांकित पिझ्झा त्याच्यापेक्षा किती वर किंवा किती खाली, एवढंच सांगायचं. ‘छान आहे’, ‘मस्त आहे’ हे शब्द बाद. आपल्याकडे रविवारी रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा. मुलगा नाश्त्यालाच पिझ्झा खातो आणि कुरकुरतो, पण खातो.

ओव्हन पूर्ण तापल्याशिवाय पिझ्झा आत सरकवू नका. अमेरिकेतले 400 अंश फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण 204 सेल्सिअस. पंख्याचा ओव्हन असेल तर साधारण 20 अंश कमी. आपल्या ओटीजीत (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) खालून उष्णता कमी पडते, तेव्हा लोखंडी तवा पालथा घालून आधी तापवा आणि त्यावर पातळ बेसचा पिझ्झा ठेवा. कच्च्या पिठाच्या जाड बेसला ही युक्ती नको, तो खालून करपतो आणि मधे चिकट राहतो.

बाहेर काढल्यावर तीन गोष्टी बघायच्या. तुकडा उचलून खालची बाजू बघा, तपकिरी ठिपके हवेत, पांढरी ओलसर नको. कड धरून तुकडा आडवा धरला तर टोक किती झुकतं, ते पाहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक तुकडा पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. गरम असताना सगळेच पिझ्झे बरे लागतात. निवल्यावर कोणाचा बेस वातड होतो आणि कोणाचं चीज रबरासारखं ओढलं जातं, ते तेव्हा उघडं पडतं. मधे तोंड साफ करायला कोरे मुरमुरे आणि पाणी.

पहिली फेरी अगदी कोरी खायची, चिली फ्लेक्सही नकोत. शेवभाजीच्या तर्रीवर वाढलेल्या जिभेला सगळं सपकच लागणार, हे धरून चाला. दुसऱ्या फेरीत शेंगदाणा-लसणाची चटणी भुरभुरा. इथे निकाल पालटतो. डिजॉर्नोचा जाड बेस चटणी झेलतो आणि चढतो, रिस्तोरान्तेचा पातळ बेस तेलाने लगेच मऊ पडतो. ग्रँडिओसाचा सॉस भाच्याला गोडसर वाटतो, म्हणून तो त्यावर थेट ठेचा लावतो.

आपल्याकडे विकत घेताना आणखी एक. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि या मालाला उणे 18 लागतं. पाकीट हलवून बघा. चीजचे कीस सुटे वाजले तर ठीक. सगळं एका बाजूला गोळा झालं असेल किंवा आत बर्फाचे खडे असतील, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठला आहे, तो घेऊ नका. अशा पिझ्झ्यावरून कुठल्याही ब्रँडबद्दल मत तर बनवूच नका.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांसाठी सांगते, स्वीडनमध्ये केळी आणि करी पावडर घातलेला पिझ्झा आवडीने खातात. भाच्याला तो शोधायला लावलाय.

माझा कौल विचाराल तर असा. एकट्या विद्यार्थ्याने जर्मनीत असताना रिस्तोरान्तेचा पालकाचा घ्यावा, शाकाहारी चिन्ह तपासून. अमेरिकेत चार जणांच्या घराने फुगणाऱ्या बेसचा डिजॉर्नो घ्यावा, पण अर्धाच भाजायच्या भानगडीत पडू नये, गोठलेला कापताना बेस तडकतो. नॉर्वेत फारसा विचार करायची गरज नाही, भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे फ्रीझरचा अर्धा कप्पा ग्रँडिओसानेच भरलेला असतो.