रात्री भिजवा, सकाळी खा: खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा नाश्ता

पुण्यात मेस लावली की दोन वेळच्या जेवणाची काळजी मिटते. सकाळचं मात्र कुणी बघत नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन राहणारा मुलगा सहाला अभ्यासिकेत जागा धरायला पळतो, आठला खाली येऊन चहा-क्रीमरोल घेतो, दहाला पोटात कावळे ओरडायला लागले की वडापाव, आणि साडेअकराला पुस्तकावर मान टाकतो. मी दोन वर्षं हेच केलं. तिसऱ्या वर्षी आमच्या खोलीत एक लातूरचा रूमपार्टनर आला. तो रात्री झोपायच्या आधी न चुकता एका वाटीत काहीतरी भिजत घालायचा. आधी आम्ही हसलो, मग सकाळी त्याच्या वाटीत हात घालायला लागलो.

त्याच्याकडून शिकलो ते एवढंच, की सकाळी सहाला ‘आज काय खायचं’ हा प्रश्न पडला तर उत्तर नेहमी ‘जाऊ दे’ असंच येतं. तेव्हा ठरवायचं रात्री, भिजवायचं रात्री, आणि सकाळी फक्त शेवटचा हात फिरवायचा. रात्रीची पाच मिनिटं, सकाळची सात-आठ.

पोट का भरत नाही

टपरीवरची पोह्यांची बशी म्हणजे साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे. त्यात प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. मेसच्या पातळ आमटीतून यातलं किती मिळतं ते तुम्ही जाणता. सकाळीच १२ ते १५ ग्रॅम पोटात गेली, तर दहा वाजता वडापावचा वास छळत नाही.

यासाठी पोहे सोडायची गरज नाही. त्यांच्या जोडीला काहीतरी हवं: मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅममध्ये सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं), एक-दोन अंडी (एका अंड्यात ६ ग्रॅम), भिजवलेले मूग किंवा वाटीभर दही. खाली जे काही सांगतो आहे त्यात यातलं एखादं तरी आहेच.

रविवारचं काम

एक पिशवी घेऊन किराण्यात जा. पातळ पोहे अर्धा किलो, हिरवे मूग अर्धा किलो, शेंगदाणे अर्धा किलो, पाव किलो डाळं, थोडं बेसन आणि ज्वारीचं पीठ, गूळ, कांदे, लिंबं. उन्हाळ्यात अंडी एकदम डझनभर आणू नका. खोलीत फ्रिज नसतो, सहा-सहा आणलेली बरी.

मग दाणे भाजा. मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, सतत हलवत. सालं तडकून सुटायला लागली की उतरवा, ताटात पसरा, गार झाल्यावर चोळून फुंका. निम्मे तसेच ठेवा, निम्म्यांचं जाडसर कूट करा. आठवडाभर हेच कूट कामाला येतं. खोलीत शेगडी नसेल तर भाजलेले दाणे विकत मिळतात, फक्त खारे घेऊ नका.

मुगाचं धिरडं

इंडक्शन आणि मिक्सर असेल तर माझ्या मते याला तोड नाही. एकट्यासाठी अर्धी वाटी हिरवे मूग रात्री धुऊन भरपूर पाण्यात घाला. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत भिजतात. खोली तापत असेल तर झोपायच्या अगदी आधी घाला, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो.

सकाळी पाणी फेकून द्या. मिक्सरमध्ये मूग, बोटाच्या पेराएवढं आलं, एक मिरची, अर्धा चमचा जिरं आणि मीठ. पाणी दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा. पीठ पळीवरून सावकाश घसरायला हवं, धारेसारखं पडलं तर पातळ झालं. कुरकुरीत हवं असेल तर चमचाभर तांदळाचं पीठ घाला. आंबवायची भानगड नाही.

खरी गंमत तव्याची आहे. तवा जास्त तापला की पीठ पसरतच नाही, पळीलाच चिकटून गोळा होऊन फिरतं. म्हणून तवा तापवा, पाण्याचे चार थेंब शिंपडा, ते नाचले की आच कमी करा. अर्ध्या कांद्याला काटा टोचून तो तेलात बुडवा आणि त्यानं तवा पुसा. याच कांद्याचा उरलेला भाग वर बारीक चिरून घालता येतो. पळीभर पीठ मधोमध ओता, आतून बाहेर गोल फिरवा, झाकण ठेवा. दीड मिनिटानं कडा आपोआप सुटते. सुटली नसेल तर उलथनं घालू नका, थांबा. घाई केली की धिरड्याची भुर्जी होते आणि आपण ‘असंच करायचं होतं’ म्हणून खातो. उलटल्यावर मिनिटभर पुरे. दोन-तीन धिरडी, दाण्याचं कूट घातलेलं दही, काम झालं. प्रथिनं १५ ग्रॅमच्या आसपास.

मूग भिजवायला विसरलात तर अर्धी वाटी बेसन, दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ, ओवा, तिखट, मीठ, चिरलेला कांदा आणि पाऊण वाटी पाणी कालवा. दात घासून होईपर्यंत पीठ मुरतं. पुढचं सगळं वरच्यासारखंच.

शेगडीच नाही? दडपे पोहे

बरेच घरमालक खोलीत गॅस काय, इंडक्शनही चालू देत नाहीत. त्यांच्यासाठी कोकणातले दडपे पोहे. पातळ पोहे हवेत, जाड चालणार नाहीत. मूळ पद्धतीत ओलं खोबरं आणि नारळाचं पाणी लागतं, पण खोलीवर नारळ कोण फोडणार? काकडी आणि टोमॅटो बारीक चिरा, कांदा चिरा, मीठ लावून दोन मिनिटं ठेवा. त्यांना सुटलेलं पाणीच पोह्यांना पुरतं. त्यात दोन-तीन मुठी पोहे, चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर, मूठभर दाणे आणि चमचाभर कच्चं तेल. हातानं कालवा, वर ताटली दाबून ठेवा आणि अंघोळीला जा. दडपणं ते हेच. आलात की खा. कोरडे वाटले तर पाण्याचा हबका मारा, पण जपून. पातळ पोह्यांचा लगदा व्हायला वेळ लागत नाही.

विदर्भातली मुलं याचाच भाऊबंद असलेला कच्चा चिवडा करतात: पोहे किंवा मुरमुरे, कांदा, तिखट, मीठ, कच्चं तेल. त्यात डाळं आणि दाणे सढळ हातानं घाला, म्हणजे पोटाला आधार होतो. आणि पोहे, दही, लोणचं एकत्र केलं की गोकुळाष्टमीचा काला. वर्षातून एकदाच खायचा असा काही नियम नाही.

लिंबू मात्र वगळू नका. त्यातल्या सी जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा नेमका उलटं करतो. त्यामुळे नाश्ता आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर असावं. हे मी लिहितो आहे आणि स्वतः चहा घेऊनच लिहितो आहे.

केटल: काय करावं, काय करू नये

केटल बहुतेक खोल्यांत असते आणि तिच्यात अंडी उत्तम उकडतात. अंडी धुऊन घ्या. केटलमध्ये ठेवा, बुडतील एवढं गार पाणी घाला, बटण दाबा. उकळी आली की ती आपोआप बंद होते. झाकण उघडू नका. आठ मिनिटांत बलक मऊ राहतो, बारा-तेरा मिनिटांत घट्ट होतो. लगेच गार पाण्यात टाकली की सालं नीट सुटतात. दोन अंडी, वर मीठ-मिरपूड, सोबत एक केळं.

दूध मात्र केटलमध्ये उकळू नका. मी उकळलं होतं. ते उतू जाऊन केटलखालच्या विजेच्या तबकडीत शिरलं, फट् आवाज झाला आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. शेजारच्या खोलीत एकाची ऑनलाइन टेस्ट चालू होती. तो पुढे महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मॅगीही नको, मसाल्याचा वास चहाला कितीतरी दिवस येत राहतो.

मोड आलेले मूग खात असाल तर केटलचा अजून एक उपयोग. मूग दिवसभर भिजवून रात्री ओल्या फडक्यात बांधून ठेवले की सकाळपर्यंत मोड येतात. थंडीत अजून अर्धा दिवस लागतो. दमट हवेत मोडांबरोबर जंतूही वाढतात, म्हणून ते कच्चे खाण्यापेक्षा उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि निथळा. कांदा, लिंबू, चाट मसाला.

उभ्या उभ्या

गजर ऐकू आला नाही, असे दिवस येतातच. त्यासाठी सातूचं पीठ. आपल्याकडे भाजलेले गहू आणि डाळं यांचं करतात. आईला सांगितलं की पुढच्या डब्यातून येतंच. तोवर नुसतं डाळं मिक्सरमधून बारीक फिरवून घ्या. चार-पाच मोठे चमचे म्हणजे साधारण ५० ग्रॅम पीठ, पेलाभर पाणी किंवा दूध, किसलेला गूळ, चिमूटभर मीठ. आधी थोड्या पाण्यात पीठ कालवा, मग बाकीचं ओता, नाहीतर गुठळ्या चावत बसावं लागतं. पाण्यातसुद्धा दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. बिहारची मुलं हरभऱ्याच्या सत्तूत कांदा, लिंबू, जिरेपूड घालून खारट पितात. उन्हाळ्यात मला तेच जास्त आवडतं.

मेसच्या मावशींना रात्रीच्या डब्यात दोन पोळ्या जास्त घालायला सांगा. सकाळी त्यांवर दही आणि शेंगदाण्याची चटणी पसरायची, गुंडाळी करायची, निघायचं. तवा असेल तर कुस्करून, कांदा-मोहरीची फोडणी देऊन फोडणीची पोळी. ही कशी करायची ते मराठी घरातल्या कुणालाही सांगायला नको.

नाचणीच्या आंबिलीबद्दल थोडं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. हे ऐकून लोक हरखतात, पण एका वेळी आपण दोन मोठे चमचे, म्हणजे २५ ग्रॅमच पीठ घेतो. तरीही जागरणानंतर पोटाला तिच्याइतकं सोसणारं दुसरं काही नाही. रात्री पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून ठेवा, सकाळी पेलाभर उकळत्या पाण्यात ओतून पाच मिनिटं ढवळा. कोमट झाल्यावर ताक, मीठ, ठेचलेली लसणाची पाकळी. आंबील एकटी फार वेळ पुरत नाही, सोबत दाणे चघळा.

पेपरच्या दिवशी

त्या दिवशी यातलं काहीही पहिल्यांदा करून बघू नका. महिनाभर जे पचतं आहे तेच खा. मोड आलेली कडधान्यं टाळलेली बरी, पेपरभर पोटात गुडगुडतात. दोन पेपर असतील तर मधल्या सुट्टीत केंद्राबाहेरच्या गाडीवर झुंबड उडते आणि भजी खाल्ल्यावर दुपारच्या पेपरला डोळे मिटतात. त्यापेक्षा डाळं, दाणे आणि गुळाच्या खड्याची पुडी आदल्या रात्रीच बांधून हॉल तिकिटाशेजारी ठेवा.