रिक्वायरमेंट आणि टेस्टिंग शिकवायला घेण्याआधी

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवणार असाल, तर सेम सुरू व्हायच्या आधी पहिलं काम करा, प्रोजेक्टच्या विषयांतून ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ला रजा द्या. माझ्या पहिल्या वर्षी मी तोच विषय दिला होता. सगळ्या ग्रुपचे एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं, म्हणजे रिक्वायरमेंट, ते लिहिलेला दस्तऐवज) वेळेत आले, त्यातल्या निम्म्याअधिकांचा मजकूर शब्दशः एकच, आणि एकाच्या फूटरला तर भलत्याच कॉलेजचं नाव. चूक पोरांची कमी, माझी जास्त. ज्याचं उत्तर सीनियरच्या पेनड्राइव्हमध्ये तयार पडलंय, ते कोण कशाला शोधेल?

त्याऐवजी एसटीचं तिकीट घ्या. भाडं काढून देणारा छोटासा प्रोग्रॅम, स्क्रीन नाही, डेटाबेस नाही. फळ्यावर एकच वाक्य लिहायचं: ‘७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास.’ ऑगस्ट २०२२ पासून ही सवलत आहे, वर्गातल्या प्रत्येकाच्या आजी-आजोबांना ती ठाऊक आहे. मग विचारायचं, काल ज्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली, ते ‘वरील’मध्ये येतात का? आणि ज्यांना पंचाहत्तरावं नुकतं लागलंय, त्यांचं काय? आपल्याकडे वय दोन्ही तऱ्हांनी सांगतात, त्यामुळे वाद पेटतोच. पेटू द्या, दहा मिनिटं मध्ये पडू नका. वाद दमला की ७४, ७५ आणि ७६ या तीन वयांपुढे अपेक्षित भाडं लिहायला सांगा. ज्याला ७५ च्या समोरचं भाडं लिहिता येत नाही, त्याला रिक्वायरमेंट कळलेली नाही. बाउंडरी व्हॅल्यू (नियम जिथे बदलतो त्या सीमेवरची किंमत) हा शब्द त्यानंतर उच्चारा, आधी नको. युनिट एकमध्ये रिक्वायरमेंट आणि युनिट पाचमध्ये टेस्टिंग अशी सिलॅबसने केलेली वाटणी तुम्ही वर्गात पाळायची गरज नाही.

सवलतींचा तक्ता स्वतः आधी मांडून पाहा. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, महिलांना अर्धं तिकीट. मग ६८ वर्षांच्या बाईंना किती? अर्ध्याचं अर्धं का? महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपुरती, मग सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या गाडीत हद्दीपुढच्या भाड्याचं काय? डिसिजन टेबल (कोणत्या अटी एकत्र आल्या की काय करायचं याचा तक्ता) शिकवायला याहून चांगला मसाला मला मिळालेला नाही. उत्तरं तुम्ही देऊ नका, ग्रुपला डेपोत पाठवा. फक्त एवढं बजावून ठेवा की गाडी सुटायच्या वेळी कंडक्टरला गाठायचं नाही, आणि ‘रिक्वायरमेंट काय आहे’ असं न विचारता ‘मागच्या आठवड्यात तिकिटावरून भांडण कशामुळे झालं’ असं विचारायचं.

एक गोष्ट मुद्दाम हातची राखून ठेवा. वरच्या तक्त्यातली महिला सवलत सुरुवातीला सांगूच नका, तिचे प्रश्नही नंतरसाठी ठेवा, मार्च २०२३ च्या आधीचे नियम द्या. कोड चालू लागला, टेस्ट पास झाल्या, की सहाव्या आठवड्यात जाहीर करा: १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. आता ‘४० वर्षांची महिला, मूळ भाडं १००, अपेक्षित १००’ ही जुनी टेस्ट फेल होणार. पोरं लगेच कोड बदलायला धावतात. थांबवा आणि विचारा, चुकलं कोण, कोड की टेस्ट? रिग्रेशनवर (बदलानंतर जुन्या टेस्ट पुन्हा चालवून बघण्यावर) तासभर बोलून जे डोक्यात शिरत नाही, ते फेल झालेल्या टेस्टच्या या एका लाल ओळीने शिरतं.

प्रॅक्टिकलला बॅचेसची अदलाबदल करा: ए बॅचचा एसआरएस, त्यावर टेस्ट केस लिहिणार बी बॅच. भांडणं होतील, पण ‘सिस्टीम फास्ट असावी’ छापाची मोघम वाक्यं दोन आठवड्यांत नाहीशी होतात. कव्हरेजच्या (टेस्टनी कोडचा किती भाग चालवून पाहिला, त्या मापाच्या) तासाआधी एक सापळा लावून ठेवा. फक्त मोफत प्रवास ठरवणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये ‘७५ किंवा जास्त’ हवं तिथे ‘७५ पेक्षा जास्त’ लिहा. वय ८० आणि वय ४० अशा दोन टेस्ट चालवल्या की कव्हरेज शंभर टक्के दिसतं, चूक मात्र जागच्या जागी.

मोठं उदाहरण एकच पुरे. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडालेलं एरियन ५ हे युरोपचं रॉकेट सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. आधीच्या एरियन ४ रॉकेटमधला कोड तसाच उचललेला, त्यात ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबताना मावली नाही. बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही पुढचं सांगा: नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाची माहिती त्या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्येही नव्हती आणि तिच्या चाचण्यांमध्येही नव्हती.

किरकोळ गोष्टी. लॅब मॅन्युअलमध्ये अजून एसआरएससाठी आयट्रिपलई ८३० या मानकाचा साचा असेल तर वापरा, पण २०११ मध्ये त्याची जागा २९१४८ या मानकाने घेतली हे ओरलला विचारलं जाऊ शकतं. कोडचा एकेक छोटा भाग तपासण्याबद्दल बोलताना ‘पुढच्या आठवड्यात युनिट टेस्ट’ असं वर्गात म्हणू नका, अर्धा वर्ग परीक्षा समजून सुट्टी मारतो. जेयुनिट किंवा पायटेस्ट (टेस्ट आपोआप चालवणारी साधनं) लॅबच्या प्रत्येक मशीनवर आदल्या दिवशी स्वतः चालवून बघा, नेट बंद ठेवून. आणि खरं एसटी तिकीट वर्गात फिरवणार असाल तर आधी झेरॉक्स काढून ठेवा. त्या कागदावरची अक्षरं सेम संपेपर्यंत टिकत नाहीत.