गोळी थांबवली तेव्हा डोकं उतरलं

अर्धशिशी माझी जुनीच. पण मध्यंतरी दुखण्याची तऱ्हा बदलली. सकाळी डोकं जड घेऊनच जाग यायची, गोळीने दुपारपर्यंत उतार, संध्याकाळी पुन्हा तेच. न्यूरोलॉजिस्टनी आधी विचारलं, "महिन्यातले किती दिवस गोळी घेता?" गोळ्या किती हे नंतर. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (खास अर्धशिशीवरच्या गोळ्या) किंवा कॅफीन मिसळलेल्या वेदनाशामक गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की औषधानेच डोकं दुखायला लागू शकतं.

माझी कॅफीनवाली होती, ती एकदम बंद केली. (कोडीन, ट्रामाडोलसारखी अफूवर्गी वेदनाशामकं किंवा झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू बंद करायच्या.) सुरुवातीचे दिवस भयंकर! ठणका, मळमळ, झोप नाही, घरच्यांवर उगाच चिडचिड. हे साधारण २ ते १० दिवस चालतं, हे आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. सोबत रात्री ॲमिट्रिप्टिलीनचा छोटा डोस. तो दुखणं येऊ नये म्हणून असतो आणि गुण यायला काही आठवडे जातात. बरेच जण इथेच कंटाळतात.

खरा उपयोग झाला भिंतीवरच्या कालनिर्णयचा. दुधाच्या हिशोबाशेजारीच डोकं दुखलं की टिंब, गोळी घेतली की फुली. आता गरज पडली तरच गोळी, आणि आठवड्याला दोनपेक्षा जास्त फुल्या होऊ देत नाही. अर्धशिशी अजून येते, पण एका गोळीत आटोपते.

अचानक, आजवर कधी नव्हे इतकं दुखलं, तापासोबत मान आखडली किंवा बोलणं अडखळलं, तर टिंबं मांडत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.